राजाच्या सैन्याची भाकरी कोण थापतं?

मिरज

चि. मुक्ता हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची तिन्ही प्रकरणं पोचली. मोबाइलवर वाचायला लागले की माझ्या डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून दादाने ती छापून, स्पायरल बाइंडिंग करून आणून दिली. दुपारची झाकपाक केली आणि वाचायला बसले, ती दिवेलागणीलाच उठले. तळ्याच्या तळाशी झोपलेला तो सर्पराज, आणि त्याने कूस बदलली की राज्यातल्या सगळ्या विहिरींचं पाणी वर येतं, हे तुला कसं सुचलं गं? इतक्या लांब जाऊन मराठीत लिहितेयस याचं तर मला फार अप्रूप आहे. इकडे सगळं ठीक. वहिनीचे गुडघे थंडीत धरतात तसे धरले आहेत, दादाचं बीपी गोळीने ताब्यात आहे. तुझ्या खोलीतली पुस्तकं मी उन्हं दाखवून पुन्हा होती तशी लावून ठेवली.

आता मनातलं बोलते. रागावू नकोस. या तीन प्रकरणांत राजा आहे, युवराज आहे, राजगुरू, सेनापती, जादूगारीण आहे. कामाची माणसं मात्र दोनच भेटली. एक दासी, जी चांदीचा पेला आणून ठेवते आणि निघून जाते, तिला नावही नाही. आणि दुसरा तो गुराखी. तो मला इतका आवडला होता! आभाळ बघून पाऊस सांगणारा, प्रत्येक गायीची खोड ठाऊक असलेला. आणि तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी कळतं की तो गुराखी नाहीच, पळवून नेलेला राजपुत्र आहे. म्हणजे बाळा, त्याच्यात जे काही चांगलं होतं ते रक्तातून आलेलं, गुरांमागे हिंडून आलेलं नव्हे, असंच झालं की नाही? मला ते वाचून वाईट वाटलं. त्यात परवा फोनवर तू म्हणालीस, 'मी इथे काय गं, शनिवार-रविवार हॉटेलात नुसती भांडी घासते.' त्या 'नुसती'ने मला रात्री झोप लागली नाही. या दोन्ही गोष्टी मला एकाच जागेतून आलेल्या वाटतात, म्हणून हे पत्र.

तुझे आजोबा, आमचे अण्णा, मिरजेला रेल्वेत कीमन होते. तू त्यांना पेन्शनीतलेच पाहिलंस. कीमन रोज आपल्या वाट्याचे रूळ पायी तपासत जातो. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवी निशाणं आणि धोक्याचे फटाके. रुळाला स्लीपरशी धरून ठेवणाऱ्या चाव्या गाड्यांच्या हादऱ्याने ढिल्या होतात. त्या बघायच्या आणि ठोकून पुन्हा घट्ट बसवायच्या. अण्णा नुसत्या आवाजावरून सांगायचे, ही बसली, ही अजून नाही. रूळ तडकलेला दिसला तर पुढे पळत जाऊन रुळावर फटाके लावायचे, म्हणजे इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की बार उडतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. आषाढीला पंढरपूरच्या नॅरोगेजवर वारकऱ्यांनी गच्च भरलेल्या गाड्या जायच्या. त्यातल्या एकाही माणसाला अण्णांचं नाव माहीत नव्हतं, आणि सगळे सुखरूप पोचायचे. तुझ्या राज्यातही असा कोणीतरी असणारच ना? त्या तळ्याच्या बांधावरून रोज चालत जाणारा, माती कुठे ओलसर झाली ते पायाने ओळखणारा? सर्पराज जागा होतोय हे राजगुरूच्या आधी त्याला कळलं पाहिजे. राजगुरू ग्रंथ वाचतो, हा बांध बघतो.

मी शाळेच्या ग्रंथालयात होते तेव्हापासून या अद्भुताच्या पुस्तकांचा मला नाद आहे, तुला ठाऊकच आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तू नववीत असताना माझ्याकडूनच नेलंस. त्यातला सॅम आठव. तो माळी आहे, बापही माळी. एवढ्या भयंकर प्रवासाला निघताना तो पाठीवर तवे-पातेली घेतो, सोबत मिठाची डबी घेतो, कुठेतरी बरं जेवण रांधता येईल म्हणून. शेवटी शत्रूच्या मुलखात, मॉर्डॉरमध्ये, ओझं पेलवेना, तेव्हा ती पातेली फेकून द्यावी लागतात, आणि ती जमिनीच्या खोल भेगेत आदळतानाचा आवाज त्याच्या काळजाला घरं पाडतो. मला त्या पुस्तकातल्या कुठल्याही लढाईपेक्षा तो आवाज जास्त लक्षात आहे. अंगठी त्याच्या हाती येते आणि मोह पाडते, तेव्हाही तिला त्याला बागेचंच आमिष दाखवावं लागतं. त्या राखेच्या मुलखाची भलीमोठी बाग करून देते म्हणते. आणि तो सावरतो तो मालकावरच्या मायेमुळे, पण माळी असल्यामुळेही. आपल्या दोन हातांनी राखता येईल एवढी बाग आपल्याला पुरे, हे त्याला पक्कं माहीत असतं.

टोल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत सिग्नल अधिकारी होते. खंदकात त्यांनी साधे शिपाई पाहिले, अधिकाऱ्यांची कामं करणारे सेवक पाहिले, आणि पुढे त्यांनी स्पष्ट सांगितलं की सॅम त्या माणसांवरून आला आणि ती माणसं आपल्यापेक्षा कितीतरी वरची होती. हे मला फार मोलाचं वाटतं. त्या पुस्तकाचा शेवट बघ. युद्ध जिंकून सगळे घरी येतात तर गावातली झाडं तोडलेली. मग सॅम मिळालेली मूठभर माती जपून जपून गावभर घालतो आणि रोपं लावतो. पुढे तो सात वेळा महापौर होतो, पण राजपुत्र कधीच निघत नाही. तुझ्या गुराख्यालाही गुराखीच राहू दे, राणी. तेवढं एक माझं ऐक.

त्या अर्सुला ले ग्विन बाईंचंही तसंच. त्यांचा गेड कांस्यकाम करणाऱ्या लोहाराचा पोरगा, शेळ्या राखणारा, मग मोठा जादूगार होतो. त्या मालिकेतलं तिसरं पुस्तक १९७२ सालचं, त्यात त्याची सगळी शक्ती संपते. चौथं, 'तेहानू', आलं १९९० साली. अठरा वर्षांनी बाई त्याच जगात परत गेल्या आणि या खेपेला शेतावरच्या एका विधवेच्या स्वयंपाकघरातून ते जग पाहिलं. तिथे गेड पुन्हा शेळ्या राखतो. जादू गेल्यावर माणसाला करता काय येतं, हा प्रश्न त्यांनी किती धीराने विचारलाय! तुझ्या जादूगारणीला मंत्र आठवेनासा झाला तर तिला दुसरं काय येतं, याचा कधी विचार केलायस का? तिला निदान भाकरी तरी येऊ दे.

आणि आपण लहानपणी ऐकलेला अलीबाबा घे. अलीबाबा लाकूडतोड्या. पण गोष्ट तारून कोण नेतं? मर्जिना, घरातली दासी. दारावरची खूण तीच ओळखते, बुधल्यांत चोर लपलेत हे तिलाच कळतं, कारण दिव्यातलं तेल संपल्यावर तेल आणायला अंगणात जाणारी तीच असते. दिव्यात तेल घालणं तिचं काम नसतं तर सगळं घर कापलं गेलं असतं. आणि तो म्हातारा चांभार, बाबा मुस्तफा! डोळे बांधून नेलं तरी पावलांच्या अंदाजाने पुन्हा वाट दाखवणारा. हन्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या माणसाने ही गोष्ट १७०९ साली पॅरिसमध्ये 'अरेबियन नाइट्स'च्या भाषांतरकाराला, गालांला, सांगितली. त्याला माहीत होतं की घराचं दार राखायला दासीचे डोळे लागतात.

आपल्याकडे तर चमत्कारसुद्धा दरबारात कमी आणि कामाच्या जागी जास्त घडतात. जनाबाईचं जातं ओढायला विठ्ठल येतो. सावता माळ्याला अरणचा मळा सोडून पंढरीला जावं लागत नाही. तुझ्या त्या राज्यातला देव नुसता सोन्याच्या देवळात बसून राहिलाय. एकदा त्याला कुणाच्या तरी जात्याशी बसव, बघ कसा जिवंत होतो.

आता थोडा हिशेब. मास्तरीणबाईसारखं वाटलं तर वाटू दे. सेनापती चाळीस हजारांची फौज घेऊन सात दिवस कूच करतो असं तू लिहिलंयस. माणशी रोज पाऊण किलो धान्य धर. म्हणजे दिवसाला तीनशे क्विंटल. एका बैलाच्या पाठीवर एक क्विंटल धरला तर रोजचे तीनशे बैल, सात दिवसांचे एकवीसशे, आणि यात घोड्यांची दाणावैरण नाही, बैलांचं खाणं नाही. हे बैल कोण हाकतं? दख्खनेत हे काम लमाणांचे तांडे करायचे. मोगलांच्या फौजांना त्यांनी धान्य पुरवलं, पुढे इंग्रजांनाही. १८०३ साली शिंदे-भोसल्यांवर चालून आलेल्या वेलस्लीच्या पत्रांत लढाईइतकीच बैलांची आणि बंजाऱ्यांची काळजी आहे. तांडा वेळेवर आला नाही तर सेनापती कितीही शूर असो, फौज जागच्या जागी बसते. तुझ्या पाचव्या प्रकरणात युद्ध आहे म्हणालीस ना? तांड्यातली एखादी म्हातारी आपले बैल वळवून निघून गेली तर त्या युद्धाचं काय होईल, ते लिहून बघ. हिरकणीची गोष्टसुद्धा आपण आईच्या धाडसाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण तिच्या पोटात एवढी एक साधी बाब आहे की राजधानीच्या गडावरचं दूध रोज खालच्या गावातून डोक्यावरून वर चढायचं.

तलवारींबद्दलही एक सांगायचंय. युवराजाच्या खड्गाचं तू पानभर वर्णन केलंयस, पण त्याला धार लावणारा कुठेच नाही. आपल्या मिरजेत ही गोष्ट दारातच आहे. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, त्यांच्यातले फरीदसाहेब सतारी-तंबोऱ्यांकडे वळले आणि त्यांच्या मागून गल्लीच्या गल्ली वळली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मागच्या महिन्यात मी एक तंबोरा दाखवायला तिथे गेले होते. पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे माळ्यावर रचलेले, लाखेचा वास, जमिनीवर लाकडाचा भुसा. एक पोरगा, तुझ्याएवढाच असेल, मांडीवर तंबोरा घेऊन जवारी काढत होता. घोडीवरून कानस अगदी हलकी फिरवायची, तार बसवायची, छेडायची, मान कलती करून ऐकायचं, तार सोडवायची, पुन्हा कानस. मी शेजारी बसले होते तरी मला त्या दोन आवाजांत फरक कळेना. त्याला कळत होता. मग एका क्षणी तार अशी काही भरून बोलली की मलाही कळलं. पोरगा हसला नाही की काही नाही, दुसरी तार घेतली. मुक्ता, जादू दाखवायची तर अशी दाखव. तुझी जादूगारीण हात हलवते आणि प्रकाश पडतो. तिचे हात मला दिसत नाहीत. ती शिकली कोणाकडे, चुकली की भाजतं का, हाताला घट्टे पडलेत का?

आणि तिने हात हलवून सगळ्या शहरातले दिवे लावले, तर तेल्याच्या घाण्याचं काय झालं? त्याच्या घरी त्या रात्री चूल पेटली का? हे मी उगीच विचारत नाही. तू ज्या गावात राहतेस त्या डंडीची सगळी कथा हीच आहे. बंगालातून ताग यायचा, देवमाशाच्या तेलाने तो मऊ करायचा आणि गिरणीत कातायचा. गिरण्यांत बहुसंख्य बायका. यंत्रांच्या खडखडाटाने त्या बहिऱ्या व्हायच्या, म्हणून हातांच्या खुणांनी आणि ओठ बघून एकमेकींशी बोलायच्या. पुरुष घरी, त्यांना गाव 'केटल-बॉयलर' म्हणायचं, किटलीत पाणी उकळणारे. मग हुगळीच्या काठी गिरण्या उभ्या राहिल्या, तिथे मजुरी कमी, आणि डंडीचा धंदा हळूहळू तिकडे गेला. बंगालच्या शेतकऱ्याचा ताग, आर्क्टिकमधला देवमासा आणि स्कॉटलंडच्या बायकांचे कान, सगळं एका पोत्यात. याहून अद्भुत राज्य तू कुठून शोधणार? व्हर्डंट वर्क्स नावाचं संग्रहालय आहे तिथे, जुन्या गिरणीतच. या रविवारी सुट्टी असेल तर जाऊन ये. अंगात जाड स्वेटर घाल. आणि त्या हातांच्या खुणा तुझ्या कादंबरीत घे. राजवाड्यातल्या दासी बोलत नाहीत असं तू लिहिलंयस. त्या राजासमोर खुणांनी सगळं बोलत असतील तर?

एक काळजी मात्र घे. हे सगळं वाचून तुझ्या राज्यातलं खेडं गोडगोड करू नकोस. लोहार हसतमुख, कुंभार भोळा, सगळे राजावर जीव टाकणारे, असं नको. आपल्याकडे बारा बलुतेदार होते. सुताराने नांगर करायचा, कुंभाराने मडकी द्यायची, न्हाव्याने हजामत करायची आणि सुगीला खळ्यावर आपापल्या वाट्याचं धान्य उचलायचं. रोकड फारशी लागत नव्हती, गाव चालत होतं. त्र्यं. ना. आत्र्यांनी १९१५ साली 'गांवगाडा'त हे सगळं बारकाईने लिहून ठेवलंय. पण त्याच गावात महारांना वेशीबाहेर राहून, हाक येईल तेव्हा धावायचं होतं, निरोप न्यायचे, मेलेलं जनावर ओढायचं, आणि त्याचा मोबदला म्हणून भाकरीचे तुकडे मागायला दारोदार जायचं. त्यातून सुटायला डॉ. आंबेडकरांना १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडावं लागलं. ते सोसणं आतून काय होतं हे दया पवारांच्या 'बलुतं'त आहे, १९७८ सालच्या. तुझ्या राज्यात मैला कोण उचलतं, प्रेतं कोण जाळतं, कोणाला राजवाड्याच्या विहिरीवर येऊ देत नाहीत, हे तुला माहीत असलं पाहिजे. सगळं कागदावर यायला नको, पण तुला माहीत हवं. सर्पराजाने कूस बदलली आणि विहिरी भरून वाहिल्या, तर त्या रात्री विहिरींच्या हद्दीही वाहून गेल्या का, हे मला वाचायचंय.

२०१९ चा महापूर तुला आठवत असेल, बारावीला होतीस. सांगलीत पाणी शिरलं तेव्हा बोटी, हेलिकॉप्टरं सगळ्यांनी पाहिली. पाणी ओसरल्यावरचं काम कमी लोकांनी पाहिलं. चिखल, कुजलेलं धान्य, मेलेली जनावरं, तो वास. बाहेरगावच्या पालिकांचे सफाई कामगारही मदतीला आले होते. वायरमन खांबावर चढून एकेका गल्लीत वीज परत आणत होते. कथांमध्ये राक्षस मेला की तुतारी वाजते आणि पुढचं पान राज्याभिषेकाचं असतं. मधली पंधरा दिवसांची झाडलोट कोणी लिहीत नाही. तू लिही. ते तुझ्याकडून झालं तर मला फार आनंद होईल.

म्हणून म्हणते, तुझ्या त्या हॉटेलाच्या मोरीला कमी लेखू नकोस. तिथे गर्दीच्या वेळी कोण कोणावर ओरडतं, सुरीला कोणाला हात लावू देत नाहीत, आचारी पळीवरून चव बघताना काय करतो, ताटात काय उरतं आणि ते कोण खातं, हे तुला राजवाड्याच्या मुदपाकखान्यासाठी दुसरं कोणी सांगणार नाही. शेजारी उभं राहून भांडी घासणाऱ्या बाईचं नाव विचार, गाव विचार. तुझ्या हातांना तिथल्या साबणाने चिरा पडल्यात असं वहिनी म्हणाली. रात्री खोबरेल लाव आणि रबरी हातमोजे मालकाकडून मागून घे, ते द्यायचं त्याचं काम आहे. जेवत जा वेळेवर. नुसत्या पावावर राहू नकोस.

दादा उद्या पार्सल टाकतोय. त्यात 'गांवगाडा' आणि 'बलुतं' आहे, शेंगदाण्याची चटणी आणि भडंगही आहे. भडंग सगळ्यांना वाट. पुस्तकं मात्र दोन्ही वाचून काढ, एक वाचून दुसरं ठेवून देऊ नकोस, आणि त्यानंतरच युद्धाचं प्रकरण लिहायला घे.

तुझी,
आत्या